शब्दचर्चा: बिनपंखी मादीला ‘पतंग’ म्हणायचं का?

आर्वी, जि. वर्धा: बाभळीच्या फांदीला काड्यांची बोटभर मोळी लटकलेली असते. हात लागला की तोंड आवळून घेते. आत एका पतंगाची अळी. पुढे नराला पंख फुटतात, मादीला कधीच नाही. ‘पतंग’ तर ‘पत्’, म्हणजे उडणे, या धातूवरून आलेला. मग ‘मादी पतंग’ लिहायचं कसं? आणि त्या काड्यांच्या घराला कोष म्हणावं का?

अकोट: आमच्या इकडं बाभयीवर लय असतेत. पतंग हा शब्द कृषी सहायकाच्या तोंडी, आम्ही पाखरूच म्हनतो. कपाशीतल्या कामगंध सापळ्यात बोंडअयीचे नर पाखरं पडतेत, काऊन का आतल्या गोयीले मादीचा वास असते. हे काडीवाली मादीबी असाच वास सोडते, घरातून न निंगता. नर आपसूक येते.

आरमोरी: कोष नको. आमच्याकडे कोसा म्हणजे टसर रेशमाचा. ऐनाच्या झाडावरची अळी पुरती वाढली की तो एकदाच विणते आणि आत कोशित होते, म्हणजे रूप पालटेपर्यंत निपचित पडते. बाभळीवरची मात्र अंड्यातून निघाली की लगेच रेशमाने काड्याकुड्या चिकटवायला लागते. ते ओझं घेऊनच पाला खात हिंडते, वाढेल तसं वाढवते. शेवटी ते फांदीला पक्कं बांधून आतच कोशित होते. दोन्हींना कोष म्हटलं तर वाचणाऱ्याचा घोळ होईल. ‘खोळ’ म्हणा.

आर्वी: खोळ पटली. मादीचं काय? ती बाहेर येतच नाही. नर बाहेरून पोट लांबवून खोळीत घालतो, अंडीही आतच पडतात. दिसायलाही ती अळीच.

नागपूर: व्युत्पत्तीचा एवढा धाक कशाला? शहामृग उडत नाही, तरी पक्षीच. खरी अडचण लिंगाची आहे: ‘मादी पतंग मेला’ की ‘मेली’? ‘पतंगाची मादी मेली’ म्हटलं की प्रश्न मिटला. पुस्तकात ‘पंखहीन’ लिहा, बोलताना ‘बिनपंखी’. ‘पतंगीण’ मात्र कृपया नको!

अकोट: बरं. अन् तिचे बारके पिल्लं रेशमाच्या धाग्याले लटकून वाऱ्यासंगं दुसऱ्या झाडावर जातेत. त्याले उडनं म्हनाचं का?

आरमोरी: नाही. ‘वाऱ्यावर जाणं’ आहे की आपल्याकडे.