मदत हवी आहे : रोज लावता येईल असा सोपा गॉथ मेकअप (सावळा रंग, लेन्स, स्कूटर)

नमस्कार मंडळी,

कॉलेजपासून सूझी अँड द बॅन्शीज, बाउहाउस, द क्युअर ही गॉथ, म्हणजे काळ्या, उदास वळणाच्या रॉक संगीतातली मंडळी ऐकत आले आहे. संगीताइतकंच मला त्यांचं दिसणंही आवडतं. काळे कपडे आणि तुळशीबागेतले ऑक्सिडाइज्ड दागिने माझ्या अंगावर रोज असतात, पण चेहऱ्याचं काय करायचं ते कळत नाही. मेकअपची सवय अजिबात नाही. आजवर काजळ आणि लिप बाम, एवढंच.

पार्टीसाठी नकोय. सोमवार ते शुक्रवार ऑफिसात वावरता येईल आणि सकाळी दहा-पंधरा मिनिटांत उरकेल असं काहीतरी हवंय. ऑफिसात कपड्यांचे नियम फारसे नाहीत, पण क्लायंटच्या मीटिंगा असतात.

अडचणी अशा. माझा रंग सावळा आहे आणि जे व्हिडिओ बघते त्यात सुरुवातच पांढऱ्याफटक फाउंडेशनने होते. मला माझा रंग झाकायचा नाही. चेहरा तेलकट असल्याने दुपारपर्यंत काजळ डोळ्यांखाली उतरतं. मी लेन्स वापरते. आणि कोथरूडहून हिंजवडीपर्यंत स्कूटर, म्हणजे स्कार्फ आणि हेल्मेट आलंच. गडद लिपस्टिक त्यात कशी टिकवायची?

घरून विरोध नाही, पण मी डोळ्यांभोवती काळं केलं की आई काळजीने विचारते, "झोप झाली नाही का गं?" मुद्दाम केलंय हे बघणाऱ्याला कळावं, एवढी सफाई हवी आहे.

नेमकं काय विकत घ्यावं आणि कोणत्या क्रमाने लावावं? बजेट हजार-बाराशे रुपये.

प्रतिसाद

आधी ते पांढरं फाउंडेशन डोक्यातून काढून टाक. गॉथसाठी ते लागत नाही. १९८२ साली लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह हा गॉथ मंडळींचा क्लब सुरू झाला. तिथल्या मंडळींचे फोटो बघ, चेहऱ्यावर भर दिसतो तो डोळे, भुवया आणि ओठांवर. फिकट चेहरा हा त्यातला एक प्रकार, आणि मूळचे गोरे असलेल्यांना तो सोपा जातो. सावळ्या त्वचेवर पांढरी पावडर राखाडी दिसते, मानेशी जुळत नाही, फोटोत तर आणखी वाईट. उलट काळा, गडद मरून, वांगी हे रंग सावळ्या रंगावर जे खुलतात ते गोऱ्या रंगावर खुलत नाहीत. हे मी समजूत घालायला म्हणत नाही, लग्नात नवरीचे मेकअप करते त्यामुळे रोज बघते.

आता डोळे. काजळ उतरतं कारण त्यात मेण आणि तेल असतं, ऊन आणि चेहऱ्याचं तेल लागलं की ते मऊ पडतं. म्हणून नेहमीचं मऊ काजळ बाजूला ठेव आणि वॉटरप्रूफ जेल पेन्सिल घे. ती लावल्यावर अर्ध्या-एक मिनिटात सुकते आणि मग हलत नाही. याचाच अर्थ पसरवायचं ते सुकायच्या आत, आणि एका वेळी एकाच डोळ्याचं काम. दोन्ही डोळ्यांना रेघ मारून मग पसरवायला गेलीस तर पहिला डोळा सुकलेला असेल.

क्रम असा ठेव. पापणीवर तुझ्याच रंगाच्या कॉम्पॅक्टचा हलका हात, म्हणजे तेल शोषलं जाईल. वरच्या पापणीवर केसांच्या मुळांना लागून जाड रेघ. ती सरळ यायची गरज नाही, पसरवायचीच आहे. छोट्या चपट्या ब्रशने किंवा इअरबडने रेघेची वरची कड पुसट कर. मग त्यावर मॅट काळी किंवा गडद तपकिरी आयशॅडो दाबून बसव. घासू नकोस, दाब. ही पावडर पेन्सिलीला धरून ठेवते. ही पायरी गाळलीस तर दुपारी पुन्हा तेच होईल.

खालच्या पापणीवर पेन्सिल लावूच नकोस. तिथे फक्त आयशॅडो, तीही बाहेरच्या कोपऱ्याकडच्या एक तृतीयांश भागात. आई झोपेबद्दल विचारते त्याचं कारण हेच. काळं डोळ्याखाली गोलाकार पसरलं की थकवा दिसतो, बाहेरच्या कोपऱ्यातून कानशिलाकडे थोडं वर नेलं की आकार दिसतो. बॅन्शीजची गायिका सूझी सू, तिचे डोळे आठव, सगळी ताकद त्या बाहेर आणि वर जाणाऱ्या टोकात आहे. ऑफिससाठी तेच टोक छोटं ठेवायचं.

भुवया विसरू नकोस. बारीक करायची गरज नाही, काळसर तपकिरी आयशॅडोने भरून टोकं नीट केलीस तरी चेहऱ्याला धार येते.

प्रतिसाद

लेन्सबद्दल लिहिते, मीही वापरते. पापणीच्या आतल्या ओल्या कडेला काजळ नको. तिथे तेलग्रंथींची तोंडं असतात, शिवाय तिथलं काजळ अश्रूंत मिसळून लेन्सवर बसतं. केसांच्या बाहेरूनच रेघ मारायची. सकाळी आधी लेन्स, मग मेकअप. रात्री आधी लेन्स काढायच्या, मग मेकअप. खोबरेल तेलाने काजळ छान निघतं, पण ते डोळ्यांत लेन्स असताना मुळीच नको. तेलानंतर फेसवॉश लाव.

गडद काळेपणासाठी सुटा सुरमा घ्यायचा मोह होतो, तो टाळ. पारंपरिक सुरम्यात शिशाचं संयुग असू शकतं. अमेरिकेत तशा कोहलला, म्हणजे सुरमा-काजळाला, सौंदर्यप्रसाधनांत परवानगीच नाही. पाकिटावर घटक छापलेले असतील तेच घे. आणि डोळे आले तर ती पेन्सिल टाकून दे, पैशांकडे बघू नकोस.

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघींचे! खालच्या पापणीचं कारण वाचून एकदम उलगडा झाला. लिपस्टिकचं कोणी सांगेल का? काळी घ्यावी की नको?

प्रतिसाद

ताई, सुरुवातीला काळी नको. काळ्या लिपस्टिकमध्ये लहानशी चूकही दिसते, आणि जेवताना ती ओठांच्या मधून जाते नि कडेला उरते. वांगी किंवा आमसुली रंगाची मॅट लिपस्टिक घे. आपले ओठ मुळातच थोडे गडद असतात, त्यावर हे रंग एका हातात बसतात. कधी काळ्याच्या जवळ जावंसं वाटलं तर बाहेरची कड काळसर तपकिरी लिप लायनरने काढ आणि मध्ये आमसुली.

स्कार्फवर उपाय एकच, लिपस्टिक ऑफिसात पोचल्यावर लाव. घरून निघताना लिप बाम लावून नीघ, पोचल्यावर तो टिशूने पुसून टाक, तोवर ओठ मऊ झालेले असतात. मग एक थर, टिशू ओठांत दाबायचा, वर दुसरा थर. दोन मिनिटांचं काम. डोळे मात्र घरूनच करून जा, फक्त स्कार्फ बांधताना कानशिलाजवळ ओढू नकोस, वर नेलेलं टोक तिथेच पुसलं जातं.

मीटिंगच्या दिवशी डोळे किंवा ओठ, दोन्हींपैकी एकच गडद ठेव. माझं मत विचारशील तर डोळे ठेव, गॉथ डोळ्यांतच आहे.

प्रतिसाद

मी सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला असते. द सिस्टर्स ऑफ मर्सी हा बँड १९८० साली याच गावात सुरू झाला. इथे साठीच्या आसपासच्या बायका बाजारात भाजी घेताना काळी लिपस्टिक लावून दिसतात, आणि कोणी वळूनही बघत नाही. सावळ्या, काळ्या मुलीही गॉथमध्ये पुष्कळ आहेत, त्यांचे व्हिडिओ 'ब्लॅक गॉथ मेकअप' असं शोधलं की सापडतील. रंग कसे निवडायचे ते त्यांच्याकडून जास्त शिकता येईल.

खरेदीचं म्हणशील तर जेल पेन्सिल, काळी-तपकिरी मॅट आयशॅडो आणि एक लिपस्टिक, बास. फाउंडेशन घेऊच नकोस. कॉम्पॅक्ट घरात असेलच. पैसे उरले तर चांगला चपटा ब्रश घे.

धागाकर्ती

पेन्सिल आणि आयशॅडो आणली. आज सुट्टी म्हणून सावकाश करून बघितलं. दाबून बसवलेलं काळं संध्याकाळपर्यंत जागचं हललं नाही! उजवा डोळा मनासारखा आला, डाव्याचं टोक मात्र खाली झुकतंय. दोन्ही टोकं एका उंचीवर आणायची काही युक्ती आहे का?

प्रतिसाद

आरशात सरळ बघ, डोळे उघडे ठेवून, पापणी न ताणता. खालच्या पापणीची कड जशी वर जाते तीच रेषा भुवईच्या टोकाकडे वाढव आणि आधी दोन्ही बाजूंना पेन्सिलीचा एकेक ठिपका दे. ठिपके जुळले की मगच रेघ. झुकलेलं टोक पुसायला इअरबडच्या टोकाला किंचित मायसेलर वॉटर (मेकअप पुसायचं पाणी) लावून खालून वर ओढ, सगळा डोळा पुन्हा करावा लागणार नाही.