धुरकट रानटर्की दिसली की 'पाळीव रक्त' म्हणून मोकळं व्हायचं का?

कोतवाल (धागाकर्ता):
अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांत रानटर्कीच्या थव्यात मधूनच एखादी राखाडी-पांढरी मादी दिसते. अंग पांढुरकं, पिसांच्या कडा काळ्या, तांबूस-कांस्य झाक गायब. तिकडचे शिकारी या रंगाला 'स्मोक' म्हणजे धुरकट म्हणतात. फोटो आला की शेरा ठरलेला: कुणाच्या तरी फार्मवरून पळालेली. हा शेरा बहुतेक वेळा पुराव्याशिवाय मारला जातो, असं माझं मत आहे.

रानटर्कीत नेहमीच्या कांस्य रंगाखेरीज चार रंग ओळखले जातात: धुरकट, तांबडा, काळा आणि अल्बिनो. धुरकट त्यातल्या त्यात जास्त दिसतो, तोही मुख्यतः माद्यांत. जनुक लिंगसंलग्न (लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावरचं) आणि अप्रभावी (साधी प्रत सोबत असेल तर दडून राहणारं) असेल तर हेच व्हायला हवं. पक्ष्यांत नराकडे झेड गुणसूत्रं दोन, मादीकडे एकच. समजा शंभरातल्या एका झेडवर हे जनुक आहे. मग शंभरात एक मादी धुरकट निघेल. नराला ते दोन्ही झेडवर लागतं, म्हणून दहा हजारांत एक. असं जनुक साध्या दिसणाऱ्या नरांमधून पिढ्यानपिढ्या गुपचूप चालत राहतं. त्याला फार्म कशाला हवं?

धनेश:
गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. नॅरागॅन्सेट या पाळीव वाणाचा रंगही असाच दिसतो आणि लिंगसंलग्न अप्रभावी जनुकानेच येतो. तेव्हा तुमचं गणित जितकं 'रानातलं' म्हणणाऱ्यांच्या बाजूचं, तितकंच 'फार्मवरचं' म्हणणाऱ्यांच्या. शिवाय माद्या जास्त दिसण्याचं एक साधं कारण आहे. वसंतातल्या हंगामात नर किंवा दाढीवाला (छातीवर केसांसारखा झुबका असलेला) पक्षीच मारायची परवानगी असते, त्यामुळे माद्या जास्त वर्षं जगतात आणि कॅमेऱ्यासमोर जास्त येतात.

फार्मवरचं जनुक रानात यायची वाट तर उघडीच होती. १९५१ साली साउथ कॅरोलिनात तोफजाळ्याने (तोफेने जाळं उडवून) रानटर्की पकडायचं तंत्र जमलं. त्याआधी अनेक राज्यांनी पिंजऱ्यात वाढवलेली टर्की वर्षानुवर्षं जंगलात सोडली, आणि त्यांत पाळीव रक्ताची भेसळ असायची.

(अवांतर: पाळीव टर्की फिरली पण किती! मेक्सिकोतून युरोपात, तिथून एक शाखा परत अमेरिकेत, दुसरी पोर्तुगीजांच्या गोव्यात. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीरसाठी नेलेल्या पाखरांत टर्की होती. दरबारी चित्रकार मन्सूरने तिचं चित्र काढलं.)

कोतवाल:
पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा प्रयोग फसला कशामुळे, तेही सांगा ना. आईविना वाढलेली पिल्लं. शत्रू ओळखता येईना, खाणं शोधता येईना, झाडावर रात्र काढायची सवय नाही. एक हिवाळा न काढणारे पक्षी जनुक मात्र सगळीकडे पसरवून गेले, हे पटत नाही. आणि नॅरागॅन्सेट वाण झाला तोच मुळी युरोपातून परतलेली काळी टर्की आणि ऱ्होड आयलंडकडची रानटर्की यांच्या संकरातून. मग रंग पाळीव बाजूनेच आला, हे कशावरून?

टिटवी:
दोघंही रंगीत पक्ष्याकडेच बघताय. बघायला हवं तिच्या साध्या रंगाच्या सोबतिणींकडे.

पूर्वेच्या उपजातीत शेपटीच्या टोकांची पट्टी तपकिरी-तांबूस असते. पाळीव कांस्य टर्कीत ती पांढरी, कारण तिचा मूळ वंश मेक्सिकोतला. पण धुरकट पक्ष्यात तपकिरी रंगद्रव्यच फिकं पडतं, त्यामुळे खऱ्या रानमादीची पट्टीही पांढरट दिसते. म्हणजे ही खूण तिच्यावर चालत नाही, सोबतिणींवर चालते. थव्यातल्या कांस्य माद्यांच्या शेपटीला पांढरी टोकं दिसली, तर पाळीव रक्ताचा संशय रास्त. मात्र हे पूर्वेपुरतं. पश्चिमेच्या मेरिअम उपजातीत पांढरट टोकं मुळातच असतात.

मग अंगाचा बांधा. पूर्वेकडची रानमादी साधारण ४-५ किलोंची. नॅरागॅन्सेट मादी ६-७ च्या घरात जाते. फोटोवरून वजन कळत नाही, पण शेजारी उभ्या माद्यांच्या तुलनेत पाय जाड आणि छाती भरलेली असेल तर कळतं. वागणं सगळ्यात बोलकं: संध्याकाळी झाडावर जाते का, माणूस दिसताच थव्याबरोबर पळते का, की धान्य मिळेल म्हणून थांबते?

आणि कृपा करून पहाटेचे इन्फ्रारेड फोटो पुरावा म्हणून टाकू नका. त्या उजेडात कांस्य पीसही राखाडी होतं. दिवसाउजेडीचा, अंगावर थेट ऊन नसलेला फोटो हवा.

साळुंकी:
पांढऱ्या टर्कीबद्दलही हाच घोळ चालतो. डोळे बघा. गुलाबी असतील तरच अल्बिनो. डोळे गडद आणि अंग पूर्ण पांढरं असेल, तर ते वेगळ्या अप्रभावी जनुकामुळे असू शकतं. फार्मवरच्या पांढऱ्या टर्कीत तेच असतं. पाळीव टर्कीत लिंगसंलग्न अल्बिनो प्रकारही आहे, पण त्यात नजर इतकी अधू असते की बरीच पिल्लं लवकर मरतात. त्यामुळे जंगलात धडधाकट, पूर्ण वाढलेली, गडद डोळ्यांची पांढरी टर्की दिसली, तर मी धनेश यांच्या बाजूने.

काळ्याबाबत एक लक्षात ठेवा. पाळीव टर्कीत काळा रंग कांस्यावर प्रभावी आहे, म्हणजे पिल्लू काळं तर आई किंवा बाप काळा हवा. दोन कांस्य पालकांचं काळं पिल्लू निघालं, तर फार्मवरचं तेच जनुक दडून आलं असं म्हणता येत नाही. तांबड्याचं उलटं. पाळीव तांबड्या वाणांतलं जनुक अप्रभावी आणि नर-मादी दोघांत सारखंच चालणारं. दोन्ही पालक वाहक (जनुक अंगात, पण रंग दिसत नाही असे) असले तरी चारात एकच पिल्लू तांबडं. म्हणून तो इतका विरळ.

शिक्रा:
मूळ कुठलंही असो, अशा माद्या शरदातल्या हंगामात, जिथे परवानगी आहे तिथे, काढून टाकाव्यात. थवा शुद्ध राहील. नाहीतरी पांढुरकी मादी २८ दिवस जमिनीवर अंडी उबवत बसणार, म्हणजे भक्षकांना आयतंच.

कोतवाल:
शिक्रा, याने काहीच साधत नाही. धुरकट मादी आणि साधा नर यांची पिल्लं काढून बघा: एकही धुरकट नाही. मुली स्वच्छ, मुलगे सगळे वाहक आणि दिसायला कांस्य. पुढे असा मुलगा साध्या माद्यांशी जुळला की त्याच्या निम्म्या मुली धुरकट. रंग एक पिढी गाळून परत येतो. एक नर अनेक माद्यांशी जुळतो, त्यामुळे खरा वाटप्या तोच, आणि तो तुम्हाला ओळखू येणार नाही. मादी मारून जनुक जात नाही, फक्त एक विणीची मादी कमी होते.

भक्षकांचं म्हणाल, तर घरट्यांची मोठी नासधूस रकून आणि स्कंक करतात. ते रात्री वासावर येतात, त्यांना रंगाशी देणंघेणं नाही. दिवसा कोयोटी आणि बॉबकॅटला पांढुरकं अंग लवकर दिसेल, एवढं मान्य.

धनेश:
मादी मारू नये, याबाबत कोतवाल यांच्याशी सहमत. मूळ प्रश्नावर नाही. जिथे दोन-चार मैलांत कुणी पाळीव टर्की मोकळी सोडतं, तिथे आधी संकर गृहीत धरावा आणि 'रानातलंच' म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा. हा शुद्धतेचा सोवळेपणा नव्हे. पाळीव पक्ष्यांबरोबर ब्लॅकहेड रोग येतो. त्याचा परजीवी हेटेराकिस जंताच्या अंड्यांत बसून मातीत वर्षानुवर्षं टिकतो. कोंबडी त्यातून सहज निभावते, टर्की मरते. 'निसर्गाची कमाल' म्हणून फोटोला लाइक देऊन सोडलं, तर शेजारच्या खुराड्याची चौकशी कुणीच करत नाही.

टिटवी:
पुरावाच हवा असेल तर गळालेलं पीस उचला. रातथाऱ्याच्या झाडाखाली सकाळी ताजं मिळतं. देठाच्या बुडाला हात लावू नका, डीएनए तिथेच असतो. कागदी पाकिटात कोरडं ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून नमुना वाया जातो. जागा, तारीख पाकिटावरच लिहा. रानटर्की स्थलांतरित पक्ष्यांच्या संघीय कायद्यात येत नाही, तरी राज्याचे नियम आणि जमीनमालकाची परवानगी बघूनच.

धनेश:
आणि प्रयोगशाळेला केंद्रकातल्या डीएनएची तपासणी सांगा. केंद्रकाबाहेरच्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. फार्मवरचा नर पळून रानमादीशी जुळला असेल, तर त्या तपासणीत पिल्लू शंभर टक्के रानटी ठरेल, आणि कोतवाल तेवढ्यावर नवा धागा काढतील.