शब्दचर्चा: दुभाषी बाई असेल तर?

अमेरिकेत नेब्रास्कातल्या ओमाहा या मूळनिवासी जमातीच्या सुझेट ला फ्लेश (जन्म १८५४) यांच्यावर लिहिते आहे. पाँका जमातीचे प्रमुख स्टँडिंग बेअर १८७९ मध्ये पूर्वेकडच्या शहरांत भाषणं द्यायला निघाले, तेव्हा सुझेट ती इंग्रजीतून सांगत. ओमाहा आणि पाँका बोली जवळजवळ एकच. माझं अडलंय एका वाक्यापाशी. 'दुभाष्याने सांगितले' लिहिलं की डोळ्यांपुढे पगडीवाला बाप्याच येतो. 'दुभाषिणीने' लिहू का?

— छे, 'दुभाषीण' वाघिणीची बहीण वाटते! ऑफिसात आपण पुरुषाला 'सहकाऱ्याने' आणि बाईला 'सहकारीने' म्हणतोच की. तसंच 'दुभाषीने'. सामान्यरूप बदललं नाही की बाई आपोआप कळते. आणि 'महिला दुभाषी' तर नकोच, ते 'लेडी डॉक्टर'च्या पंगतीतलं. सुझेटची धाकटी बहीण सुझन डॉक्टर झाली. फिलाडेल्फियाच्या ज्या कॉलेजातून आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या, तिथेच त्याच वर्षी ही दाखल झाली आणि १८८९ मध्ये वर्गात पहिली आली. तिला काय लेडी डॉक्टर म्हणायचं?

— 'द्विभाषिक' मात्र लिहू नका. दोन भाषा येणारा कुणीही द्विभाषिक. आपलं मुंबई राज्यसुद्धा १९६० पर्यंत द्विभाषिकच होतं. दुभाषी म्हणजे मध्ये उभं राहून एकाचं दुसऱ्याला सांगणारं माणूस.

— लेखात 'प्रेअरी'ला, म्हणजे तिकडच्या गवताळ सपाटीला, माळरान केलंय का? माळ म्हटला की मुरूम आणि खुरटं गवत. तिथली माती काळी, खोल, आणि गवत पुरुषभर उंच. 'प्रेअरी'च ठेवा.

— ठेवते. 'दुभाषीने'ही पक्कं. आता शेवटची अडचण. स्टँडिंग बेअर मुलाच्या अस्थी नायोब्रारा नदीकाठी पुरायला निघाले होते, वाटेत अटक झाली. सरकारी वकिलाचं म्हणणं, इंडियन, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, माणसाला कोर्टात दाद मागायचा हक्कच नाही. मे १८७९ मध्ये न्यायाधीश डंडींनी ठरवलं, कायद्याच्या दृष्टीने इंडियन हीसुद्धा 'व्यक्ती'. मराठीत व्यक्ती स्त्रीलिंगी, आणि समोर तर प्रमुख उभे. 'माणूस' करू?

— नको. ते माणूस आहेत हा वाद नव्हता, कायदा त्यांना मोजतो का हा होता. 'व्यक्ती'च लिहा, 'ती'सकट.