‘डिफ्यूजन फ्लेम’ला मराठीत काय म्हणावं?

विश्रामबाग: सांगलीत अभियांत्रिकीच्या मुलांसाठी ज्वलनाच्या प्रयोगांची मराठी पुस्तिका लिहिणं चालू आहे. ‘प्रीमिक्स्ड फ्लेम’ला, म्हणजे इंधन आणि हवा आधीच मिसळून जळते तिला, पूर्वमिश्रित ज्योत हे ठरलं. ‘डिफ्यूजन फ्लेम’ला मात्र मसुद्यात तीन ठिकाणी तीन शब्द पडलेत: विसरण ज्योत, प्रसरण ज्योत, विकिरण ज्योत. वाक्य असं आहे: ‘नळीतून फक्त इंधन सोडावे, हवा बाहेरून मिळू द्यावी, अशी … पिवळी दिसते.’ यातला कुठला ठेवू? आणि ज्योत म्हणायचं की ज्वाला?

कोयनाकाठ: प्रसरण आणि विकिरण दोन्ही आधी खोडा. तापल्यावर रूळ लांबतो ते प्रसरण. विकिरण आपल्या शालेय पुस्तकांत प्रकाश विखुरण्याला वापरतात, आणि हिंदी पुस्तक वाचून आलेला मुलगा त्याचा अर्थ प्रारण (रेडिएशन) असा घेतो. ज्योतीवरच्या धड्यात प्रारण येणारच, कारण पिवळी ज्योत बरीचशी उष्णता प्रारणानेच फेकते. एकाच परिच्छेदात दोन अर्थांचा घोळ कशाला?

विसरण बरोबर आहे. मात्र शब्दाखाली व्याख्या हवी. इंधन आणि ऑक्सिजन वेगवेगळ्या बाजूंनी येतात, एकमेकांत शिरतात आणि जिथे त्यांचं प्रमाण नेमकं जुळतं त्या पातळ पडद्यावर जळतात. जळणं क्षणात उरकतं, वेळ लागतो तो भेटीला. म्हणून ज्योतीची उंची रसायन ठरवत नाही, मिसळणं ठरवतं. बर्क आणि शूमन या संशोधकांनी १९२८ साली एकात एक दोन नळ्या घेऊन हे गणित मांडलं: आतून इंधन, बाहेरून हवा. हवा भरपूर असेल तर ज्योत वर टोकाशी मिटते. हवा कमी पडली तर ती बाहेरच्या नळीच्या भिंतीकडे पसरत जाते. प्रयोग म्हणून हे दोन्ही आकार काढून दाखवा, मुलांना व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

वारणा: कोयनाकाठ, हे शांत ज्योतीपुरतं ठीक. गुऱ्हाळाच्या चुलवणातल्या जाळाला विसरण ज्योत म्हणाल का? चिपाडातून निघालेला वायू आणि खालून-बाजूने शिरणारी हवा तिथेही वेगवेगळीच येतात, पण त्यांना मिसळतात ते भोवरे. रेणूंच्या विसरणाचा वाटा अगदी शेवटी, भोवऱ्याच्या पोटात. इंग्रजीतही आता ‘नॉन-प्रीमिक्स्ड’ म्हणायचा कल आहे तो त्यामुळेच.

विश्रामबाग: मग ‘अपूर्वमिश्रित’ करू का?

वारणा: नको हो. ‘अपूर्व’ दिसलं की वाचणाऱ्याला सोहळा आठवतो. ‘अमिश्रित ज्योत’ चालेल.

कोयनाकाठ: अमिश्रित म्हणजे कधीच न मिसळलेलं, असाही अर्थ निघतो. न मिसळता जळेल कसं? मी अजूनही विसरण ज्योतच ठेवीन आणि खळबळीच्या प्रवाहासाठी ‘संक्षुब्ध विसरण ज्योत’ असं विशेषण लावीन. फरक मोजताही येतो. शांत प्रवाहात इंधन दुप्पट सोडलं की ज्योत साधारण दुप्पट उंच होते, गोल नळीचं तोंड लहान असो की मोठं. खळबळ सुरू झाली की उंची थोडी उतरते आणि पुढे कितीही इंधन सोडलं तरी जवळपास तेवढीच राहते. तेव्हा तोंडाचा व्यास मोठा केला तरच ती वाढते.

येरळा: घरगुती शेगडीचं काय करणार? ती दोन्ही आहे. एलपीजीला पूर्ण जळायला आकारमानाने साधारण २५ ते ३० पट हवा लागते. जेटमधून (गॅस सुटायच्या बारीक भोकातून) येणारा गॅस त्यातली निम्मीशी हवा नळीत ओढून घेतो, बाकीची बर्नरच्या बाहेर मिळते. आतला हिरवट-निळा शंकू पूर्वमिश्रित, बाहेरचं फिकट निळं आवरण विसरणाचं. पुस्तिकेत ‘अंशतः पूर्वमिश्रित’ हा तिसरा शब्द घ्यावाच लागेल.

आणि ‘पिवळी दिसते’ या वाक्यात कारण घाला. साधारण १००० ते १३०० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात, हवा न पोचलेल्या भागात, इंधन तुटून काजळीचे कण होतात आणि ते तापून उजळतात. पण शेगडीवर भाताचं खारं पाणी उतू गेलं तरी ज्योत पिवळी-नारिंगी होते, तो सोडियमचा रंग. ओळखायचं कसं? थंड स्टीलची ताटली क्षणभर ज्योतीत धरा. काळी झाली तर काजळी, नाही झाली तर मीठ. काजळी असेल तर हवेची झडप उघडी आहे का, मिश्रणनळीत कोळ्याचं जाळं आहे का, बर्नरची भोकं बुजलीत का, या क्रमाने बघा. जेटमध्ये सुई घालू नका. भोक मोठं झालं की गॅस जास्त सुटतो, हवा त्या मानाने ओढली जात नाही आणि काजळी वाढते.

वारणा: जेटमधली सुई पुस्तिकेत ठळक अक्षरात छापा.

चुलवणाच्या बाजूने दोन गोष्टी. वाळलेल्या चिपाडाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग वायू होऊन जाळात जळतो, उरलेला निखारा होऊन जागेवर. हे दोन शब्द लोकांनी नेमके वेगळे ठेवलेत, तुम्ही दोन्हीला ‘ज्वलन’ म्हणून सपाट करू नका. एक किलो कोरड्या चिपाडाला साडेपाच ते सहा किलो हवा लागते, तीही अगदी काटेकोर हिशेबाने. एकदम मोठा भारा कोंबला की वायू भसकन सुटतो, हवा तेवढीच राहते, जाळ हवा शोधत धुराड्यापर्यंत लांबतो आणि तिथे विझून काळा धूर होतो. काहिलीखालची धग मात्र उतरते. म्हणून जाळ घालणारा मूठ-मूठ, सारखं घालतो. पाक ११८ अंशांच्या आसपास आला की जाळ झटकन पाडावा लागतो, आणि निखाऱ्यांचा थर जाड असेल तर तो पडत नाही. जळण बंद केलं तरी निखारा बराच वेळ धग देत राहतो, आणि गूळ काळवंडतो.

येरळा: विट्याकडच्या गलाईवाल्यांचे, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांचे, शब्दही घ्या. फुंकणीने विसरण ज्योतीतच हवा घालतात. टोक ज्योतीच्या आत घेऊन जोरात फुंकलं की निळी, टोकदार, ऑक्सिडीकारक (धातूला ऑक्सिजन जोडणारी) ज्योत मिळते. टोक कडेला धरून हलकं फुंकलं की पिवळट, मऊ, क्षपणकारक (ऑक्सिजन काढून घेणारी). तांबं मिसळलेलं सोनं पहिलीत धरलं तर वर काळा थर येतो. टाकणखार (बोरॅक्स) लावलेला असला तरी तो सगळं निभावत नाही.

कोयनाकाठ: हे घ्याच. आणि मी थोडा मागे सरकतो: वारणा म्हणतात तसं, शुद्ध विसरण पृथ्वीवर दिसतच नाही. मेणबत्तीलाही हवा पुरवतो तो गरम वायूचा वर जाणारा झोत, म्हणजे अभिसरण. १९९२ मध्ये अंतराळयानात आणि १९९६ मध्ये मीर स्थानकावर मेणबत्ती पेटवली तेव्हा ज्योत गोलसर, निळी आणि मंद दिसली, कारण हवा पोचवायला विसरणच उरलं होतं. तरी नाव विसरणच ठेवू. अमिश्रित हा पर्याय तळटीपेत द्या.

ज्योत की ज्वाला? बर्नरवर स्थिर टिकते ती ज्योत. ज्वाला भडकलेल्या आगीला शोभते.

विश्रामबाग: पूर्वमिश्रित आणि विसरण यांतला सुरक्षेचा फरक एका ओळीत लिहायचाय.

येरळा: पूर्वमिश्रित ज्योतीला स्वतःचा वेग असतो. मिथेन-हवेच्या मिश्रणात तो सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर. मिश्रण त्याहून हळू आलं तर ज्योत नळीत मागे घुसते, फार जोरात आलं तर उचलते, म्हणजे बर्नरपासून सुटते. विसरण ज्योतीला असा वेग नाही आणि नळीत हवाच नाही, म्हणून ती मागे घुसू शकत नाही. उचलते मात्र तीही. ‘मागे घुसणे’ हाच शब्द ठेवा, कारागिराला लगेच कळतो. नळीत फुरफुर ऐकू आली की गॅस बंद करायचा, नळी गार होऊ द्यायची, मग पेटवायचं.

विश्रामबाग: शेवटचं. ‘स्मोक पॉइंट’ला धूमबिंदू लिहिलंय.

वारणा: बिंदू म्हटलं की मुलं अंश सेल्सियस लिहितात, उत्कलनबिंदूसारखं. हे माप मिलिमीटरचं आहे: इंधनाच्या दिव्याची ज्योत धूर न सोडता किती उंच होते ते. ‘धूमोंची’ बोजड होतं, ‘बिनधुराची उंची’ लिहा. कृती: दिव्याची वात धूर दिसेपर्यंत वर करायची, मग धुराची शेपटी जाऊन टोक नीट होईपर्यंत खाली घ्यायची आणि मागच्या पट्टीवर ज्योतीची उंची वाचायची. विमानाच्या जेट ए-१ इंधनाला ती किमान २५ मिलिमीटर हवी. नॅफ्थलीन ३ टक्क्यांच्या आत असेल तर १८ सुद्धा चालते. वात वाकडी कापली असेल तर एका बाजूने आधीच धूर येतो आणि आकडा कमी निघतो, तेव्हा दर वाचनाआधी वात नव्याने सपाट कापायला सांगा.