पुढच्या साथीत स्वयंसेवक वॉर्डात की गेटाबाहेर?

रामबागकर : एप्रिल २०२१ आठवा. इंदूरला खंडवा रोडवर राधास्वामी सत्संगाच्या आवारात कोविड सेंटर उभं राहिलं, मध्य प्रदेश सरकारने ‘मैं कोरोना वॉलंटियर’ मोहीम काढली, आपल्या मंडळांतली पोरं डबे आणि सिलिंडर घेऊन पळत होती. कौतुक आहेच. पण स्वयंसेवकाची जागा गेटापर्यंत : चौकशी, फोन, डबा, रांग. पीपीई, म्हणजे संसर्गापासून वाचवणारा पोशाख, घालणं कोणालाही जमतं, धोका ती उतरवताना असतो. शिवाय ब्रिटन बघा. मार्च २०२० मध्ये तिथे अडीच लाख स्वयंसेवक मागितले, साडेसात लाखांनी नावं दिली, नोंदणी थांबवावी लागली. पुष्कळांना कामच मिळालं नाही.

सुदामानगरची काकू : अहो, ते ब्रिटनवाले वाणसामान पोचवायला आणि फोन करायला होते. म्हणजे तुमच्याच गेटाबाहेरच्या कामांना!
आपल्याकडे सरकारी दवाखान्यात बेडपॅन कोण देतं, स्ट्रेचर कोण ढकलतं, नमुने लॅबमध्ये कोण नेतं? बहुतेक वेळा नातेवाईकच. कोविडमध्ये त्यांना बंदी झाली आणि ही कामं एका रात्रीत बेवारस झाली. माझ्या दिरांचा फोन बंद पडला. चार्जर होता, पण तिथवर हात पोचत नव्हता. आम्हाला काही कळेना, ते जिवंत आहेत की नाहीत. वायर खोचायला डॉक्टर लागतो?

निवृत्त सिस्टर : वायर खोचू द्या. पाणी पाजायला मात्र मी कोणालाही सोडणार नाही. धाप लागलेला मरीज ठसकला की पाणी फुफ्फुसात जातं, आणि ऑक्सिजनचा मास्क काढला की रक्तातला ऑक्सिजन भराभर उतरतो. ‘घोटभरच मागत होते’ म्हणून पाजणारे प्रेमळच असतात. माझा त्रास वेगळा : रोज नवा चेहरा. एकच मुलगा, एकच वॉर्ड, एकच पाळी, रजिस्टरात नाव आणि सिस्टरच्या हाताखाली. एवढं असेल तर येऊ दे आत.

मल्हारगंजवाला : विम्याचं कोणीच बोलेना. केंद्राने मार्च २०२० मध्ये कोविडच्या कामावरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचा विमा दिला. त्यात स्वयंसेवकही बसत, पण सरकारने कामावर घेतलेले. व्हॉट्सॲपवर मेसेज वाचून धावलेल्या पोराच्या घरच्यांना काय, शोकसभा?

रामबागकर : तेच म्हणतोय. कागद नाही तर आत नाही.

सुदामानगरची काकू : मग कागद आत्ताच करा ना! गणपतीची पावतीबुकं दोन महिने आधी छापता, आणि ही यादी साथ दारात आल्यावर?

निवृत्त सिस्टर : मंडळाने हॉल दिला तर हात धुण्यापासून पीपीई उतरवण्यापर्यंत मी शिकवीन. वीसच मुलं द्या, भाषण करणारे नकोत.

रामबागकर : हॉलचं मी बघतो. पण पोरांना आयसीयूत पाठवायला माझा विरोध कायम.