वर्षभर जर्मनीत राहून लातूरला परतलो : मुलीचा शाळाप्रवेश आणि इतर अडचणी

प्रश्न (लातूर) :
नमस्कार. यजमानांच्या नोकरीनिमित्त वर्षभर जर्मनीत राहून आम्ही एप्रिलमध्ये कायमचे लातूरला परत आलो. मुलीला आठ पूर्ण झाली आहेत. पहिली तिने इथेच केली आणि दुसरीत ती तिकडच्या सरकारी शाळेत होती. मात्र तिथले वर्ष उन्हाळ्यात संपत असल्याने ते अर्धवट राहिले. आता इथली एक शाळा आधी लेखी परीक्षा घेऊ म्हणते आणि पुन्हा दुसरीतच बसवा, असाही आग्रह धरते. मुलगी घरी मराठी छान बोलते, पण जोडाक्षरांपाशी अडखळते आणि इंग्रजी एकचा आकडा तिकडच्या वळणाने असा काढते की तो सातच वाटावा. वर्ष वाया न घालवता काय करता येईल? बँक आणि आयकर यांविषयीही कोणी सांगितल्यास बरे होईल.

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, धाराशिव) :
ताई, परीक्षेचा मुद्दा आधी निकाली काढू. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही, आणि हे खासगी शाळांनाही लागू आहे; पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सहा वर्षांवरील ज्या मुलाचे शिक्षण अपुरे राहिले, त्याला वयानुरूप वर्गात बसवावे आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे, असे कलम ४ सांगते. त्याच्या आधारे तिसरीचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि दाद लागली नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हे काम सहसा लवकर होते. जर्मन प्रगतिपत्रकाचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद मात्र जोडा.

मराठीचे म्हणाल, तर २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत ती सक्तीची आहे, त्यामुळे ‘पुढे बघू’ म्हणून चालणार नाही. बालभारतीची दुसरीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात. सुटीत रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या. आकड्याचे वळण पाटीवर गिरवून सुधारेल, पण तोवर त्या एकसाठी गुण कापू नयेत, हे वर्गशिक्षिकेच्या कानावर घाला. आणि आपल्या लातुरात शेजारीपाजारी आतापासूनच शिकवणीचा विषय काढतील. ‘लातूर पॅटर्न’ हा दहावी-बारावीचा मामला आहे. तिसरीतल्या लेकराला त्यात ओढू नका.

उत्तर (करसल्लागार, नांदेड) :
परदेशी असताना एनआरओ खाते (अनिवासी भारतीयांचे इथले रुपयांतले खाते) केले असेल, तर कायमचे परतल्याचे बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलून घ्या. एप्रिलपासून इथेच राहणार असल्याने या आर्थिक वर्षात तुमचे १८२ दिवस सहज भरतील आणि तुम्ही निवासी ठराल. केवळ एक वर्ष बाहेर काढलेले कुटुंब बहुधा ‘सामान्य निवासी’ या वर्गातच राहते; तसे असल्यास जर्मनीतले खाते, त्यात किरकोळ रक्कम असली तरी, विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते. लोकांच्या हातून सुटते ते नेमके हेच. तिकडचा पगाराचा आणि कापलेल्या कराचा वार्षिक दाखला जपून ठेवा.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर) :
शाळा आणि कर होतील मार्गी, पण पाण्याकडे लक्ष द्या. जर्मनीत मुले सर्रास नळाचे पाणी पितात. परतल्यावर आमचा मुलगा दात घासताना टाकीचे पाणी तसेच ओंजळीने प्यायचा आणि पोट बिघडल्यावर हे आमच्या लक्षात आले. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, ते हौदात आणि टाकीत साठते. तुमचे घरही वर्षभर बंद असेल, तर दोन्ही घासून धुतल्याखेरीज वापरू नका. बोअरचे पाणी पिण्याचे असेल, तर ते तपासून घ्या. टायफॉइडच्या लसीविषयी बालरोगतज्ज्ञांना पावसाळ्याआधीच विचारा, आणि तोवर बेसिनपाशी उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या भरून ठेवा.