रिपोर्ट नॉर्मल, मग कानात शिट्टी कसली?

खटपट्या:
फॅब्रिकेशनचं काम करतो, अकरा वर्षं झाली. सहा आठवड्यांपूर्वी बंद खोलीत लोखंडी अँगल कापायचे होते. इअरमफचा पट्टा तुटलेला. म्हटलं, दोन-चारच तर तुकडे आहेत. दोन-चाराचे चाळीस झाले आणि ग्राइंडर जवळजवळ तीन तास चालला. बाहेर आलो तो कानात दडे बसलेले. बायको समोर उभी राहून बोलत होती, पण आवाज उशीतून येत असल्यासारखा.

दडे दुसऱ्या दिवशी उतरले, मागे बारीक शिट्टी राहिली. दिवसा दबते, रात्री दिवा मालवला की सुरू. आणि हे नवीनच: ताटावर चमचा आपटला तरी कानात कळ जाते.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, केली. सगळे ठिपके २० डेसिबलच्या आत, फक्त ४००० हर्ट्झला रेघ जराशी खाली वाकलेली. ‘ऐकू नीट येतंय, काही नाही’ म्हणाले. काही नाही, तर मग वाजतंय काय? तीन आठवडे घरातसुद्धा फोमचे बोळे घालून बसतोय, आणि उलट आवाज जास्तच टोचायला लागलेत.

नटबोल्ट:
मला वीस वर्षं आहे. माझी शिट्टी नाही, रातकिडे. पहिले काही महिने वाईट गेले, आता आठवण काढली तरच ऐकू येतात. जालीम थेंब विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, एवढंच.

बीपवाली:
मी ऑडिओमेट्री करते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

ग्राइंडर साधारण १०० डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं मिळतात. तुम्ही तीन तास काढलेत. बंद खोलीत भिंतींवरून परत आलेला आवाज वेगळाच.

४००० चा तो खळगा आम्ही रोज बघतो. मोठ्या आवाजाचा मार बहुधा तिथेच आधी दिसतो. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पण तुमचा रिपोर्ट चांगला आहे, मग अडलंय कुठे? आमची तपासणी विचारते, ‘शांततेत सगळ्यात बारीक बीप ऐकू येते का?’ एवढंच. कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांचं ऐकणं पूर्ववत झालं, केसपेशीही शाबूत. पण केसपेशी आणि श्रवणनाडी यांच्यामधले जोड, कानाच्या काही भागांत, निम्म्याच्या आसपास कायमचे गेलेले. जिवंत माणसाच्या कानात हे जोड मोजता येत नाहीत, त्यामुळे तुमचं तेच झालंय असं म्हणणार नाही. पण ‘नॉर्मल’चा अर्थ ‘काही झालं नाही’ असा होत नाही, एवढं नक्की.

आता शिट्टी. कानाकडून माल कमी यायला लागला की मेंदू आपला आवाजाचा नॉब वाढवतो, असा सध्या बऱ्याच संशोधकांचा कयास आहे. अँप्लिफायरला काही न लावता आवाज पूर्ण वाढवा, सूंऽऽ येतो ना? ती तुमची शिट्टी. आणि त्याच वाढवलेल्या नॉबवर चमचा आपटला तर? म्हणून टिनिटस, म्हणजे ही कानातली शिट्टी, आणि आवाज न सोसणं, म्हणजे हायपरॲक्युसिस, बरेचदा जोडीने येतात.

म्हणूनच घरातले बोळे आज काढा. कान बंद केलात की मेंदू नॉब आणखी फिरवतो. २००३ च्या एका प्रयोगात ऐकणं चांगलं असलेल्या लोकांनी दोन आठवडे प्लग वापरले, तर त्यांना आवाज जास्त मोठे वाटू लागले. ज्यांच्या कानाशी मंद सूं-सूं ठेवला होता, त्यांची सोसण्याची ताकद वाढली. ग्राइंडरजवळ मफ हवेतच. घरी मात्र पंख्याइतका आवाज चालू असू द्या, शिट्टीपेक्षा जरा हळूच, ती पूर्ण झाकू नका.

शिट्टी एकाच कानात असेल किंवा नाडीबरोबर ठोके देत असेल, तर कान-नाक-घसावाल्यांना परत दाखवा. आणि एखाद्या कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी जा, त्यातले उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोगी पडतात.

टिपरी:
ड्रम्स वाजवतो, त्यामुळे आपण एकाच पंगतीतले. एक करून बघा: दात घट्ट आवळा. माझी शिट्टी लगेच वरच्या पट्टीत जाते. जबड्याच्या आणि मानेच्या नसांचा श्रवणाच्या केंद्राशी संबंध असतो म्हणे. ताण आला की मी दात खातो आणि त्या दिवशी ती जोरात असते.

बोळ्यांबद्दल: बहुतेक लोक नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात. बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर-मागे ओढायचा, मग आत सारून फुगेपर्यंत बोट दाबून ठेवायचं. नीट बसला की स्वतःचाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो.

खटपट्या:
ताई, शिट्टी दोन्हीकडे आहे, डावीकडे जरा जास्त. ठोके नाहीत. तरी दाखवून येतो. दात आवळले तर खरंच बदलली, बायकोला बोलावून सांगितलं, जणू तिलाही ऐकू येणार होती!

बोळे दुपारी काढले. पहिला तासभर नळाचं पाणीसुद्धा अंगावर आलं. आता पंखा चालू ठेवून हे लिहितोय. इअरमफचा पट्टा उद्या बदलतो.